परतआंटीचं ताट

तुम्हाला कधी कुणी तोंडावर ‘गरजू’ म्हटलंय? समोर उभं राहून, हसतमुखानं, तुमच्याच भल्यासाठी? म्हटलं नसेल, तर या लेखातल्या बाईचा राग तुम्हाला जरा जास्त वाटेल. म्हटलं असेल, तर कमीच वाटेल.

आमच्या आळीतल्या परतआंटीला एका माणसानं तसं म्हटलं होतं. ती रागावली की आधी गप्प व्हायची. मग डोक्याचा स्कार्फ सोडून पुन्हा घट्ट बांधायची आणि मग बोलायची. तिचा हात स्कार्फकडे गेला की दारावर आलेला फेरीवाला टोपली उचलून पुढच्या घराकडे वळायचा. पोस्टमनसुद्धा सायकल न थांबवता पत्र अंगणात टाकायचा. मी लहानपणापासून तिचा शेजार अनुभवला आहे आणि तिच्याइतकं कुणालाच घाबरले नाही. तिच्याइतकं कुणी आवडलंही नाही.

रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदकडे निघालं की समुद्राच्या अंगाला आमचं गाव लागतं. वर आम्ही आगरी, खाली कोळी, मशिदीच्या बाजूला मुसलमान, चॅपेलभोवती ख्रिस्ती घरं. आंटीचं घर चॅपेलपासून सर्वांत लांबचं आणि आमच्या घराला लागून. नवरा जहाजावर स्वयंपाकी होता, तो केव्हाच गेला. ती फ्रॉक आणि झबली शिवायची. डिसेंबर उजाडला की शिवणयंत्रावर चादर टाकून चुलीपाशी बसायची. करंजीसारख्या नेवऱ्या, तळलेले गोड कुलकुल, आणि तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध दुपारभर घोटून केलेलं काळं चकचकीत दोदोल. नाताळच्या आदल्या दिवशी विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटं घरोघर जायची. हिंदूंकडे, मुसलमानांकडे, जिच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं तिच्याकडेसुद्धा.

ताट मात्र परत यायला हवं आणि भरून यायला हवं. आंटी अंगणात उभी राहून परत आलेल्या प्रत्येक ताटावरचा रुमाल उचलून बघायची. त्यावरूनच तिला हे नाव पडलं. एकदा बँकेत बदली होऊन आलेल्या साहेबांच्या बायकोनं ताट घासूनपुसून, लखलखीत करून, रिकामं पाठवलं. बिचारीला वाटलं, आपण स्वच्छता दाखवली. आंटीनं ते तसंच उलट पाठवलं. “त्यांना सांग, चुकून रिकामं आलं वाटतं.” ते पुन्हा रिकामं आलं, तर स्वतः गेली आणि साहेबीणबाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून साखरेचा डबा मागितला. “चिमूटभर टाका. मीठ चालतं, अळूचं पान चालतं. रिकामं चालत न्हाय.”

मी विचारलं होतं, असं का. तेव्हा मी शाळेत होते आणि मला सगळ्याची कारणं हवी असायची.

“रिकामं ताट म्हंजे मी वर आन् तू खाली,” ती म्हणाली. “शेजारी असं बसत न्हाईत.”

एका वर्षी आमच्या घरी फार ओढाताण होती. बाबा जमिनीच्या लढ्यात होते, कामावर कमी आणि मोर्चात जास्त. आईजवळ परत पाठवायला काही नव्हतं. तिनं आमच्या झाडाची चिंच वाटीभर सोलून ताटात ठेवली आणि लाज वाटून मला मागच्या दारानं जायला सांगितलं. आंटीनं ताट घेतलं, पुढच्या अंगणात आली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “यंदाची चिंच बरी हाय गो! गेल्या वर्षी लय आंबट होती!” आईला मी त्या महिन्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली आणि नंतर छापील बाजू वाचून तावातावानं बोलायला शिकले. आंटीला त्याचं काही कौतुक नव्हतं. “तुझ्या बापाचा कागद चुलीला बरा,” ती म्हणायची. “शाई असली की लवकर पेटतो.” मला ती ‘पत्रकवाली’ म्हणून हाक मारायची आणि मी चिडले की खूश व्हायची.

दानधर्माच्या बाबतीत तर ती कुणालाच सोडत नसे. शहरातल्या चर्चच्या बायका एकदा जुने कपडे घेऊन आल्या. आंटीनं ढिगातून टिकल्या लावलेला बिनबाह्यांचा ब्लाऊज चिमटीत उचलला आणि विचारलं, “हे घालून मी काय विहिरीवर नाचू?” त्यातली एक म्हणाली, “आंटी, देणाऱ्याचं मन बघावं.” आंटी म्हणाली, “बघितलं. त्याला कपाट रिकामं करायचं होतं.” हे सगळं चॅपेलच्या दारात, फादरांच्या समोर. फादरांनी खोकला काढला आणि आत गेले.

मग किनाऱ्यावर रिसॉर्ट आलं.

रिसॉर्टबरोबर दरवर्षी नाताळच्या आधी एक टेम्पो यायला लागला. बाजूला कापडी फलक, ‘नाताळ आनंदवाटप’. लाल टोप्या घातलेली मुंबईची माणसं. सांताक्लॉज झालेला आमच्याच गावचा वॉचमन, नकली दाढीआड घामानं निथळत. रिसॉर्टच्या हिरवळीवर गावच्या बायकांना रांगेनं खाली बसवायचे. टेम्पोचं दार फोटोग्राफर येईपर्यंत उघडायचं नाही. पोरांकडून आधी ‘थँक्यू’ घोकून घ्यायचं. पिशवीत काय, तर प्लास्टिकमधला केक, रिसॉर्टचं नाव छापलेल्या साबणाच्या चपट्या वड्या आणि जाड मरून रंगाचं ब्लँकेट. ऐन डिसेंबरात आम्ही इथं एका चादरीवर झोपतो. ते ब्लँकेट अंगावर घेतलं तर माणूस उकडून उठेल. पण ते देणाऱ्याच्या हातात छान दिसतं. ज्या गावाचा समुद्राकडे जाणारा रस्ता कुंपण घालून अडवला, त्याच गावाला वर्षातून एकदा बोलावून ऊब द्यायची आणि ती घेताना त्याचा फोटो काढायचा, याला ते लोक माणुसकी म्हणत होते. मी आजही त्याला दुसरं नाव देते, पण संपादकांनी इथं ते छापू दिलं नसतं.

आंटी तिथं कधी गेली नाही. पण सुमन गेली.

सुमन खालच्या आळीतली कोळीण. नवऱ्याची होडी, हिची वलांडी. म्हणजे बांबूंना दोऱ्या बांधून त्यावर बोंबील वाळत घालायचे आणि सुके बाजारात न्यायचे. नाताळचे दिवस म्हणजे तिच्या कामाचा भर. तिच्या लेकीचं, दर्शनाचं, लग्न उरणला ठरलेलं. तेही कोळीच, पण आता बंदराच्या धंद्यात आलेले. दारात ट्रेलर, घरात गुळगुळीत फरशी. नव्या वर्षात साखरपुडा व्हायचा होता. रिसॉर्टचा वॉचमन घरोघर सांगत फिरला, ‘नाताळचं बोलावणं हाय, सगळ्यांनी या.’ सुमन आंटीला विचारायला आली, जाऊ का. आंटी दोदोल घोटत होती, मान वर न करता म्हणाली, “नाताळचं कुणी बोलावलं तर जावं. पण रिकाम्या हातानं जाऊ नको.”

सुमन रिकाम्या हातानं गेली नाही. तिनं वलांडीवरचे निवडक बोंबील धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून नेले. तिच्या हिशेबानं हे नाताळचंच देणंघेणं होतं, फक्त ताट मोठ्या घरचं होतं. तिची पाळी आली तेव्हा तिनं ते फडकं पुढे केलं.

मॅनेजर मागे सरकला. तरुण माणूस, पांढरा शर्ट, बोलायला गोड. “मावशी, हे बाजूला ठेवा ना, फ्रेममध्ये येतंय.”

“तुमच्यासाठी हाय,” सुमन म्हणाली.

“नाही नाही, आम्हाला अलाउड नाही. आम्ही द्यायला आलोय ना? आता दोन्ही हात पुढे करा. असे. थोडं वर बघा.”

सुमननं वर बघितलं. ऊन डोळ्यात गेलं आणि तिनं डोळे किंचित मिटले. फोटो निघाला. बोंबलांचं फडकं वॉचमनच्या खुर्चीपाशी ठेवलं होतं, ती बाहेर पडेपर्यंत मांजरांनी ते फाडलं होतं. तिला वाईट वाटलं ते बोंबलांचं. फोटोचं तिच्या लक्षातही नव्हतं.

नाताळच्या तोंडावर आमच्या फाट्यावर रिसॉर्टचा मोठा फलक लागला. रस्त्याच्या वर, दोन खांबांवर, सुमन. निळं लुगडं, पसरलेले हात, मिटल्यासारखे डोळे, आणि वरून खाली येणारा पांढऱ्या बाहीचा हात. ‘गरजूंना मायेची ऊब. या नाताळात तुम्हीही सामील व्हा.’ त्याखाली खोल्या बुक करायचा नंबर.

उरणची माणसं काशीदला फिरायला म्हणून त्याच रस्त्यानं आली. संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला. ती सुमनला म्हणाली, “आमी कामाचं घर बगितलं व्हतं. मागनाऱ्याचं न्हाय.”

सुमन तशीच आंटीच्या दारात आली. मी आमच्या ओट्यावर होते, सगळं ऐकलं.

“तू बोललीस, रिकामी जाऊ नको. मी गेले का रिकामी?”

“न्हाय गेलीस.”

“मंग मी भिकारीण कशी झाले? माजी पोरगी घरात रडून ऱ्हायली. तिनं कुनाकडं काय मागितलंन?”

मला वाटलं, आता आंटीचा हात स्कार्फकडे जाईल. तो गेला नाही. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, “जा म्हणून मीच बोलले. माझ्यामुळं झालं.”

“मंग निस्तर आता,” सुमन म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी चांगला फ्रॉक घालून निघाली. मी बरोबर गेले. रात्रीतून एक पत्रक लिहिलं होतं, चांगलं जळजळीत, ते खिशात होतं. तिनं ओळखलं. “तुझा कागद ऱ्हाऊदे. मी तोंडानं बोलते.”

रिसॉर्टच्या थंडगार लॉबीत नाताळचं उंच झाड उभं होतं आणि त्याच्या पायथ्याशी येशूजन्माचा गोठा. गवत, मातीची जनावरं, मारिया, जोसेफ, बाळ, समोर तीन राजे. मॅनेजर हात पसरून पुढे आला. “मेरी ख्रिसमस, आंटी! बसा ना. अरे, आंटीसाठी ज्यूस आणा कुणीतरी.”

“बोर्ड काढ.”

“कुठला बोर्ड?”

“फाट्यावरचा. सुमनचा.”

“अच्छा, तो! आंटी, त्याला काय रिस्पॉन्स आहे माहितीय? गेस्ट लोक स्वतःहून विचारतात, आम्हालाही काही द्यायचंय. शेवटी तुमच्यासारख्या गरजूंसाठीच चाललंय ना हे सगळं?”

आंटीनं स्कार्फ सोडला. सावकाश बांधला. शेजारच्या सोफ्यावरची पाहुणी उगाचच सरळ बसली.

“सुमनला विचारलंस, तुझा चेहरा रस्त्यावर टांगू का?”

“त्यांनी हसून फोटो दिला, आंटी.”

“तिनं बोंबील दिले. ते कुठायत?”

“कसले बोंबील?” तो खरंच गोंधळला होता. त्याला आठवतही नव्हतं. मला तिथं सर्वांत जास्त राग आला तो याचाच.

आंटीनं त्याच्या पांढऱ्या बाहीला धरून त्याला गोठ्यापाशी नेलं. “हे कोण?”

“तीन राजे.”

“काय करतायत?”

“गिफ्ट देतायत. बाळाला.”

“कसे?”

त्यानं वाकून गोठ्यात बघितलं.

“गुडघ्यावर,” आंटी म्हणाली. “देणारे गुडघ्यावर हायत. लांबून चालत आले, सोनं आणलं, आन् खाली बसले. बाळ आईच्या मांडीवर, वर. आन् तू? सुमनला गवतावर बसवलीस, वर उभा ऱ्हाऊन दिलंस, आन् तिचं आणलेलं मांजराला घातलंस. रोज याच्यावरची धूळ झाडतोस ना? बघितलास कधी?”

सोफ्यावरच्या पाहुणीनं मोबाईल वर केला. आंटी न वळता म्हणाली, “तू बी तो खिशात ठेव, बाय.” पाहुणीनं ठेवला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, असं तुम्ही म्हणाल. मला लोक नेहमी हेच सांगतात. तो त्या दिवशीही हसत होता, दार उघडून धरत होता. फक्त म्हणाला की बोर्ड हेड ऑफिसचा आहे, सीझन आहे, एकतीस तारखेनंतर बघू. चांगली माणसं एकतीस तारखेनंतर बघतात. तोवर ज्याचं जायचं त्याचं जातं.

नाताळच्या दिवशी मिस्सा संपली आणि आंटी चॅपेलमधून थेट खालच्या आळीत गेली. कोळणींना म्हणाली, “ती ब्लँकेटं बाहेर काढा.” बहुतेकांनी प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. नारळ उतरवणाऱ्याची शिडी आणली. चढायला कोण, यावर वाद सुरू झाला तेवढ्यात दर्शनानं ओढणी कमरेला खोचली आणि चढली. आंटी खालून ओरडत होती, “डाव्या बाजूनं बांध! तोंड झाक, हात बी झाक! आईचा कान दिसतोय अजून!” दर्शना वरून ओरडली, “कान ऱ्हाऊदे आंटी, कानावरून कोन वळकनार?” बायका हसायला लागल्या. सुमनही हसली.

त्या दिवशी काशीदला निघालेल्या गाड्या आमच्या फाट्यावर हळू होत होत्या. ‘गरजूंना मायेची ऊब’, आणि मधोमध खरोखरची मरून ब्लँकेटं, दोरीनं करकचून बांधलेली, वाऱ्यावर फुगणारी. खाली नाताळच्या कपड्यांत आंटी आणि तिच्याभोवती बायका. मॅनेजर जीप घेऊन आला. पहिल्यांदाच हसत नव्हता. “हे प्रॉपर्टीचं डॅमेज आहे.”

“डॅमेज कसलं?” आंटी म्हणाली. “तुझंच तुला परत केलं.”

दुसऱ्या दिवशी फलक उतरला. सुमनसाठी नव्हे. पाहुणे गाडी थांबवून त्या ब्लँकेटांचे फोटो काढायला लागले होते आणि ते हेड ऑफिसला पोचले होते. माझं पत्रक खिशातच चुरगळलं.

पण फलक उतरून लग्न जुळत नाही. आंटीनं सर्वांत चांगलं ताट काढलं, दोदोल, नेवऱ्या, वर तिच्या लग्नातला विणलेला रुमाल, आणि सुमनला न सांगता उरणला निघाली. मी बरोबर होतेच. रेवसहून लाँचनं करंजाला उतरलो. लाँच हलत होती आणि ती ताट मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती, मला हात लावू देत नव्हती.

मुलाच्या आईनं बसायला सांगितलं, चहा दिला. आंटीनं सगळं सरळ सांगितलं. बोंबील, फडकं, फोटो. चूक कुणाची म्हणाल तर माझी, असंही सांगितलं. ती बाई ऐकत होती, मान हलवत होती. “आमचं काय नाय ओ आंटी. पन लोक बोलतात. आमचे पावने त्याच रस्त्यानं येनार.” मग ताट आत नेलं. “ऱ्हाऊद्या, पाठवून देते.”

परतताना आंटी खुशीत होती. “ठेवून घेतलं. म्हंजे भरून येईल.” समुद्राकडे बघत तिनं मला तिच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली, जी तिनं कधीच कुणाला सांगितली नव्हती, आणि ती मी इथं लिहिणार नाही.

काही दिवसांनी त्यांच्या ट्रेलरचा ड्रायव्हर ताट देऊन गेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आंटीनं अंगणात उभं राहून कागद सोडला. ताट स्वच्छ घासलेलं होतं. रुमाल धुऊन, इस्त्री करून, घडी घालून वर ठेवला होता. तिनं रुमाल उचलला. खाली काही नव्हतं. तिनं तो ठेवला आणि पुन्हा उचलला.

साखरेची चिमूटसुद्धा नव्हती. इतक्या सभ्यपणे दिलेला नकार मी त्यानंतर पाहिला नाही.

आंटी त्या दिवशी कुणावर ओरडली नाही. संध्याकाळी सुमन आणि दर्शना आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. सुमन दारातच थांबली. दर्शना आत गेली, ते ताट उचललं, बाहेर घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा त्यात बोंबील होते. उत्तम वाळलेले, एकाच मापाचे. तिनं ते आंटीच्या मांडीवर ठेवलं.

“हे कसलं?” आंटी म्हणाली.

“यंदा तुझं ताट आमच्याकडं आलेलं. आमचं जायाचं ऱ्हायलं व्हतं.”

आंटीनं त्यातला एक बोंबील उचलून उलटून बघितला. मग मला म्हणाली, “दोष निस्ता उरणवाल्यांचा न्हाय, पत्रकवाली. तो फोटू बघितला तर मला बी सुमन भिकारीच दिसली असती. तिनं आणलं ते कापून टाकलं ना त्यातून.”

पुष्कळ पत्रकं वाचली, पण दानाच्या धंद्याबद्दल याहून खरं वाक्य मला कुठल्याही पत्रकात मिळालं नाही. आधी माणसाच्या हातातलं काढून घ्यायचं, मग रिकामे हात जगाला दाखवायचे. रस्ता काढून घ्यायचा आणि ब्लँकेट द्यायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आंटी गेली. शेवटचे दिवस घरीच होती. आळीतून पेज यायची, सार यायचं, आणि ती पडल्यापडल्या माझ्या आईला सांगायची, “त्या भांड्यात काय तरी टाक गो, तसंच धाडू नको.” मला तिनं एकदा जवळ बोलावलं आणि म्हणाली, “लिही तुझा कागद. पण सुमनला आधी विचार. ती न्हाय बोलली तर लिहू नको.”

मी विचारलं. सुमन हे तिचं खरं नाव नाही, तिनंच हे ठेवायला सांगितलं. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं. तिनं एकच दुरुस्ती सुचवली. “बोंबील चांगले होते, असं लिही. न्हायतर लोकांना वाटायचं, कायतरी उरलंसुरलं नेलं.” बोंबील चांगले होते. निवडक होते, हे मी वर लिहिलंच आहे.

दर्शना आता अलिबागला नर्सचं शिकते आणि उरणचं नाव काढत नाही. सुमन मात्र कुठल्याही समारंभात पुढे बसत नाही. लग्नातसुद्धा कुणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर घेते. तिचं जे गेलं, ते फलक उतरवून परत आलेलं नाही. आंटीला हे माहीत होतं, आणि ती ते मनात घेऊनच गेली.

आंटीच्या मातीला रिसॉर्टनं फुलांचं मोठं चक्र पाठवलं, रिबिनीवर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव. सुमननं ते उचललं, पायी चालत नेलं आणि त्यांच्या फाटकाला टेकवून आली. आंटीला ते आवडलं असतं.

गेल्या नाताळात पुण्याच्या एका मैत्रिणीनं मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. ‘तुमच्या भागात किती छान काम चाललंय बघ!’ निळं लुगडं, पसरलेले हात, किंचित मिटलेले डोळे. ओळ नवी होती, ‘देण्यातला आनंद’. फोटो तोच. किती जणांनी तो पुढे ढकलला असेल, कुणास ठाऊक. सगळे चांगलेच लोक असणार.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते उद्यावर टाकू नका. आत्ता फोन हातात घ्या. त्यात असा एखादा फोटो असेल, वस्तीतला, आश्रमातला, पाड्यावरचा, ज्यात तुम्ही किंवा तुमच्यातलं कुणी देतंय आणि समोरचं माणूस घेतंय. कंपनीच्या कार्यक्रमातला असेल, पोराच्या वाढदिवसाचा असेल. तो उघडा आणि घेणाऱ्याचं नाव आठवा. आठवलं, तर त्या माणसाला गाठून विचारा, हा ठेवू का. तो नको म्हणाला किंवा तुम्हाला नावच आठवलं नाही, तर तो फोटो काढून टाका. आणि निळ्या लुगड्यातली बाई तुमच्याकडे आली असेल, तर तिला विचारायची गरज नाही. मी विचारून आले आहे. ती नको म्हणाली.